एक तारीख, दिव्याची अवस आणि गीतेचा सहावा अध्याय



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सहावा (श्लोक ११-१२, १६-१७ आणि ३३ ते ४०)

उद्या एक तारीख. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात ही तारीख पगाराची, घरभाड्याची आणि ईएमआयची असते. जिमची मेंबरशिप, नवा प्लॅनर, पहाटे पाचचा अलार्म, साखर बंद, रील्स बंद, हे सगळंही एक तारखेलाच सुरू होतं. आणि रोज थोडा वेळ देवापुढे बसायचं, रोज काहीतरी वाचायचं, हेसुद्धा आपण एक तारखेवरच ढकलून ठेवलेलं असतं.

म्हणून आज नेहमीसारखा एकच श्लोक न घेता सहाव्या अध्यायातल्या तीन जागा घेऊया. हा ध्यानाचा अध्याय. पण मला तो कायम फार व्यवहारी वाटत आलाय. ज्याला आपला दिवस, आपला महिना, आपलं मन जरा ताळ्यावर आणायचंय, त्यानं आधी हा अध्याय वाचावा असं मी मित्रांना सांगतो.

आधी जागा, मग मन

ध्यान शिकवायचं म्हटल्यावर भगवंत सुरुवात कुठून करतात? मनापासून करतील असं आपल्याला वाटतं. पण अकराव्या-बाराव्या श्लोकात ते सांगतात जागेबद्दल. जागा स्वच्छ हवी. आसन हलणारं नको. ते फार उंचही नको आणि फार खालीही नको. त्यावर काय काय अंथरायचं, त्याचा क्रमसुद्धा सांगितलाय. हे सगळं झाल्यावर मग मन एकाग्र करायची गोष्ट येते.

आता विचार करा, समोर अर्जुन बसलाय, कुरुक्षेत्रावर. दोन्हीकडे सैन्य उभं आहे. अशा वेळी आसनाची उंची सांगायला भगवंतांना सवड आहे! याचा अर्थ ती गोष्ट किरकोळ नाही. बाहेरचं आवरल्याशिवाय आतलं आवरायला बसता येत नाही, इतकं साधं आहे ते.

आपल्या घरात मात्र उलटं चालतं. देव्हाऱ्यात चार दिवसांपूर्वीची सुकलेली फुलं, उदबत्तीची राख, तेलानं चिकट झालेलं निरांजन. अभ्यासाच्या टेबलावर चार्जर, बिलं, कुरिअरचे डबे. मोबाइलमधे दोन हजार स्क्रीनशॉट. आणि या सगळ्याच्या मधे बसून आपण ॲपवर दहा मिनिटांचं मेडिटेशन लावतो. मन लागत नाही म्हणून ॲप बदलतो!

दिव्याची अवस

आपल्या परंपरेत महिना बदलण्याच्या आदल्या दिवशी काय करायचं, याचा एक फार सुंदर नमुना आहे. आषाढातली अमावास्या, म्हणजे दीप अमावास्या. गावाकडे तिला दिव्याची अवस म्हणतात. (शहरात हल्ली ही तिथी ‘गटारी’ म्हणूनच जास्त ठाऊक आहे, काय बोलणार!) दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार असतो. सणवार, व्रतं, उपास यांचा महिना. त्याच्या आदल्या दिवशी घरातले सगळे दिवे बाहेर काढायचे. समया, निरांजनं, लामणदिवे, असतील तर जुने कंदील. चिंचेनं किंवा पितांबरीनं घासायचे, पुसायचे, पाटावर मांडायचे, रांगोळी काढायची, आणि मग ते उजळून त्यांचीच पूजा करायची. कणकेचे गोड दिवे करून नैवेद्य दाखवायचा.

वर्षभर ज्या दिव्यानं आपण देवाला ओवाळतो, त्या दिव्यालाच त्या दिवशी ओवाळायचं. आणि त्याआधी त्याच्यावरची काजळी काढायची. पुढच्या महिन्यात ज्याच्याकडून काम घ्यायचंय, ते साधन आधी नीट करा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी एका दिवसात बसवून ठेवलंय.

आपल्याकडे मराठी महिना अमावास्येला संपतो आणि शुद्ध प्रतिपदेला नवा सुरू होतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून तर तुमच्या दिल्लीच्या किंवा लखनौच्या रूममेटचा ‘सावन’ आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. पण कुठलीही पद्धत घ्या, महिना संपणं आणि महिना लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना आपापलं काम आहे. आपलं चुकतं ते इथे. आपण फक्त ‘लागण्याचा’ उत्साह करतो. संपणाऱ्या महिन्याला नीट निरोपच देत नाही. काजळी तशीच, आणि वर नवीन तेल!

तेव्हा पहिली गोष्ट ही, की नवा महिना एक तारखेला सकाळी सुरू होत नाही. तो आदल्या संध्याकाळी सुरू होतो, आवरण्यापासून.

किती करायचं?

आता सोळावा आणि सतरावा श्लोक. भगवंत सांगतात, जो फार खातो त्याला योग जमत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही जमत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसा सारखा जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं हे सगळं मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो.

इथे शब्द आलाय ‘युक्त’. युक्त म्हणजे जुळलेलं, बेतशीर, जेवढ्यास तेवढं. आईला विचारा, भाजीत मीठ किती? ती म्हणते, ‘अंदाजानं, बेतानं.’ तो बेत म्हणजे युक्त.

आपली एक तारखेची यादी काढून बघा. त्यात बेत असतो का? पहाटे साडेचारला उठणार, एक तास ध्यान, एक तास व्यायाम, रोज एक अध्याय, गोड पूर्ण बंद, बाहेरचं पूर्ण बंद, रात्री दहाला झोपणार. आणि ऑफिसची शिफ्ट संपते रात्री नऊला, घरी पोचायला साडेदहा! ही यादी आपण स्वतःसाठी लिहिलेलीच नसते. आपण ज्या कुणासारखं व्हावंसं वाटतं, त्या माणसाची ती यादी असते. तो माणूस पाच तारखेला निघून जातो, आणि सहा तारखेला परत आपणच उरतो.

गंमत बघा, सोळाव्या श्लोकात भगवंत आळशाला जेवढं टोकतात तेवढंच अति करणाऱ्यालाही टोकतात. न जेवणारा आणि न झोपणारा आपल्याला मोठा तपस्वी वाटतो. गीता त्याला खादाडाच्याच ओळीत बसवते.

समर्थांनीही दासबोधात हाच सूर धरलाय. बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात ते आधी प्रपंच नेटका करायला सांगतात, मग परमार्थ, आणि दोन्हीत आळस नको म्हणतात. घर उघड्यावर टाकून केलेला परमार्थ त्यांना मान्य नाही. म्हणून माझ्या महिन्याच्या नियोजनात देवपूजा आणि वीजबिल एकाच वहीत असतं. लपवायचं काय त्यात?

खरं तर ही पद्धत आपल्या घरात आधीपासून आहेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय आठवा. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं हे कॅलेंडर आज घराघरात आहे. त्याच्या एका चौकोनात वर तिथी छापलेली असते, एकादशी, संकष्टी, चंद्रोदयाची वेळ. आणि त्याच चौकोनात आईनं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘बाबांची गोळी संपली’. एकाच चौकोनात संकष्टी आणि सिलिंडर! आपल्या आयांनी प्रपंच आणि परमार्थाचं वेगवेगळं प्लॅनर कधी विकत आणलं नाही.

तुमच्या तारखेवर माझी तारीख

आता जरा गंभीर बोलतो, कारण नीटनेटकेपणा म्हटलं की आपल्याला तो फक्त स्वतःच्या सोयीचा विषय वाटतो. माझा महिना, माझं रुटीन, माझी मनःशांती.

आमच्या इमारतीत चार-पाच घरी काम करणाऱ्या एक ताई आहेत. आमच्याकडेही येतात. मधे एकदा त्या महिन्याच्या आठ तारखेला जरा खट्टू दिसल्या, म्हणून पत्नीनं विचारलं. बचत गटाचा हप्ता पाच तारखेला असतो. एका घरून पगार कधी दहाला येतो, कधी बाराला. ती माणसं वाईट नाहीत, पैसेवाली आहेत, बोलायला चांगली आहेत. विसरतात, एवढंच. दोघंही नोकरी करतात, गडबडीत असतात. ताई म्हणाल्या, ‘वहिनी, त्यांची तारीख चुकली की माझी तारीख चुकते. गटातल्या बायांपुढं मान खाली घालावी लागते.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांची तारीख चुकली की माझी तारीख चुकते.

त्या घरात रोज सकाळी विष्णुसहस्रनाम लागतं, मला ऐकू येतं. देव हजार नावांनी आळवला जातोय, आणि दारात भांडी घासणाऱ्या बाईचं एक नाव महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत आठवत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाहीये. आपल्या सगळ्यांचाच महिना असा कुणाच्या ना कुणाच्या महिन्यात अडकलेला असतो. आपण रिपोर्ट उशिरा दिला की टीममधल्या कुणाची तरी रविवारची सुट्टी जाते. मित्राचे उसने घेतलेले दोन हजार आपण विसरतो, तो विसरत नाही आणि मागतही नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आपण ऑनलाइन मागवणार असतो, राहून जातं, आणि ते दोन दिवस गोळीविना काढतात, सांगतही नाहीत.

सहाव्या अध्यायातच, बत्तिसाव्या श्लोकात, भगवंत सांगतात की दुसऱ्याचं सुख आणि दुःख जो स्वतःच्या मापानं बघतो, तो योगी श्रेष्ठ. ध्यानाच्या अध्यायात हे आलंय, हे लक्षात घ्या. डोळे मिटून बसायला शिकवून झाल्यावर भगवंत डोळे उघडून शेजारी बघायला सांगतात.

म्हणून माझं प्रामाणिक मत असं, की महिन्याच्या पहिल्या दिवसाची पहिली पूजा म्हणजे दुसऱ्याचं देणं देऊन टाकणं. कामवाल्या ताई, दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले, सोसायटीचे वॉचमन, उसनं घेतलेला मित्र. आधी हे. मग भाडं, हप्ते, गुंतवणूक. मग एक छोटा वाटा दानाचा, ठरवून बाजूला काढलेला. उरलं तर देऊ असं नाही. आणि मग आपल्या हौशी-मौजी. यूपीआयवर या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. पण त्या दहा मिनिटांनंतर देवापुढे बसून बघा, मन किती हलकं असतं ते.

नेम लहान असावा

आता रोजच्या वाचनाचं. वारकरी संप्रदायात ‘नेम’ हा फार मोठा शब्द आहे. दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरीला जाणारे महिन्याचे वारकरी आजही आहेत. त्यांना कधी विचारा, ‘या महिन्यात जायचं ठरवलंय का?’ त्यांना प्रश्नच कळत नाही. ठरवायचं काय त्यात? एकदा माळ घातली, ठरलं. दर महिन्याला नव्यानं उत्साह आणावा लागत नाही, म्हणूनच ते पिढ्यानपिढ्या टिकलंय.

आपण उलट दर महिन्याला नवीन काहीतरी ठरवतो. ठरवण्याचाच आनंद घेतो. नेम करणाऱ्याला ठरवायला वेळ नसतो, तो करून मोकळा होतो.

नेम लहान असला की चालतो. हिशेबच करूया. गीतेचे ७०० श्लोक. रोज दोन वाचले तर ३५० दिवस लागतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. म्हणजे पाडव्याला सुरू करून पुढच्या पाडव्याच्या आत अख्खी गीता अर्थासकट वाचून होते, आणि चार दिवस हाताशी उरतात! मनाचे श्लोक २०५. रोज सात म्हटले तर महिन्याभरात पूर्ण होतात. दासबोधाचे २०० समास, रोज एक घेतला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ होतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या, रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात माउली घरी येते.

यातलं कुठलंही एक घ्या. एकच. वेळ दहा ते पंधरा मिनिटं. लोकलमधे जागा मिळाल्यावर वाचलंत तरी चालेल, फक्त रोजची वेळ एकच ठेवा. महिन्याच्या पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा, ‘या महिन्यात अमुक ते अमुक’. बस्स.

आणि मधेच सुटलं तर?

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सात-आठ जण गीता वाचायला बसतो. तिथे येणाऱ्या एका मुलीनं, हिंजवडीत आयटीमधे आहे, मागे एक प्रश्न विचारला होता. ‘दादा, मी दर महिन्याला ठरवते. पाच तारखेपर्यंत टिकतं. सहाला सुटतं. मग वाटतं, आता पुढच्या एक तारखेपासूनच नीट करू. म्हणजे वर्षातले साठ दिवस मी माझ्या मनासारखी जगते, आणि उरलेले तीनशे नुसती वाट बघते. यात माझं आयुष्य जाईल ना?’

प्रश्न ऐकून सगळे गप्प झाले. कारण तो आपल्या सगळ्यांचाच आहे. पाच दिवसांच्या उत्साहापेक्षा ही पंचवीस दिवसांची वाट बघणं जास्त भयंकर आहे. त्यात माणूस हळूहळू स्वतःवरचा विश्वास गमावतो. मग एक दिवस ठरवणंही सोडून देतो, आणि म्हणतो, ‘आपल्याला नाही बुवा जमत हे देवाधर्माचं.’

आम्ही त्या दिवशी तेहेतिसाव्या श्लोकापासून पुढे वाचलं. अर्जुन तिथे हेच म्हणतोय. हे मन चंचल आहे, वाऱ्याची मोट बांधावी तसं हे काम आहे. आणि भगवंत त्याला खोटा दिलासा देत नाहीत. आधी मान्य करतात, हो, मन आवरायला कठीण आहे, शंकाच नाही. मग उपाय सांगतात दोन, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. त्याच्या थोडं आधी, सव्विसाव्या श्लोकात, मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायला सांगितलंय. परत आणायचं म्हणजे ते पळणार, हे गृहीतच धरलेलं आहे! एक तारखेची वाट बघ, असं कुठेही म्हटलेलं नाही. पळालं त्या क्षणी परत आण.

अर्जुनाचं तरी समाधान होत नाही. तो पुढे विचारतो, श्रद्धा आहे पण प्रयत्न अर्धवट राहिला, मधेच सुटलं, तर अशा माणसाचं काय? ना इकडचा ना तिकडचा, फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? चाळिसाव्या श्लोकात भगवंतांचं उत्तर येतं, आणि त्या वेळी ते अर्जुनाला ‘तात’ म्हणतात. बाळा, असं म्हणावं तसं. चांगलं करायला निघालेल्याचं वाईट होत नाही, ना इथे, ना पुढे.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, की सहा तारखेला सुटलं तर सात तारीख ही तुझी एक तारीख. पंचांगाकडेच बघ ना. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. दर वर्षी ते मागे पडत जातं. पण म्हणून कुणी पंचांग फेकून दिलं नाही. मागे पडलेले दिवस साठत गेले, की साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक मास धरतात आणि ऋतूंशी गाठ पुन्हा घालून देतात. आणि त्या जास्तीच्या महिन्याला आपण काय म्हणतो? पुरुषोत्तम मास. मागे पडल्याची भरपाई करणाऱ्या महिन्याला आपण साक्षात भगवंतांचं नाव दिलंय! जावयाला अनारसे देण्याच्या गडबडीत ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही.

चंद्र-सूर्याचा मेळ घालतानासुद्धा अशी दुरुस्ती ठेवावी लागते, तर आपल्या नेमात ती का नसावी? म्हणून महिन्यात दोन दिवस मुद्दाम कोरे ठेवा. मी ते दोन्ही एकादशींच्या दुसऱ्या दिवशी ठेवतो. राहिलेलं वाचन, राहिलेला फोन, राहिलेलं देणं त्या दिवशी भरून काढायचं. काहीच राहिलं नसेल तर स्वस्थ बसायचं, चहा प्यायचा.

महिना लावायची माझी पद्धत

आता सगळं एकत्र सांगतो. तुमच्या घराला, नोकरीला जमेल तसा बदल करा.

आदल्या संध्याकाळी, साधारण तासभर :

१. देव्हारा आवरायचा. निर्माल्य कुंडीत किंवा खताच्या डब्यात, नाल्यात किंवा नदीत नाही. निरांजन, समई, घंटा घासायची. वाती आणि तेल बघून ठेवायचं.

२. बसायची एक जागा मोकळी करायची. पूर्ण घर नको, एक जागा. तिथे बसून आजूबाजूला बिलं दिसायला नकोत.

३. संपलेल्या महिन्याची पानं चाळायची. चांगलं घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या, आणि कुणाचं काही राहिलंय का ते लिहायचं. स्वतःला रागवायला बसायचं नाही. काजळी काढताना दिव्यावर कुणी चिडतं का?

एक तारखेला, पगार आधी झालेला असेल तर सकाळी, नाहीतर होईल त्या दिवशी :

४. आधी दुसऱ्यांची देणी, मग घराचे हप्ते, मग दानाचा वाटा, मग आपलं.

५. कॅलेंडरवर एकादशी, संकष्टी, घरातले वाढदिवस, आई-बाबांच्या औषधांची तारीख आणि दोन कोरे दिवस, सगळं एकाच ठिकाणी लिहायचं.

६. तीन माणसांची नावं लिहायची, ज्यांच्याशी खूप दिवसांत बोलणं नाही. महिन्याभरात तिघांना फोन. मेसेज नाही, फोन.

७. महिन्याचा एक नेम. तो कुठून कुठपर्यंत ते लिहायचं. आणि मग देवापुढे एक दिवा लावून, ‘हे तू करून घे’ म्हणून उठायचं.

शेवटचं पाऊल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाहीतर हे सगळं रुटीनच आपला देव होऊन बसतं. सुंदर वही, रंगीत पेनं, स्ट्रीक, टिक केलेले चौकोन, स्टोरीला टाकलेला फोटो. त्यात वाईट काही नाही, पण दिवा घासायचा तो देव दिसावा म्हणून. घासलेल्या दिव्याकडेच बघत बसलो तर आरती राहून जाते.

जाता जाता आकाशातली एक गोष्ट. आपला मराठी महिना शुद्ध प्रतिपदेला लागतो. त्या संध्याकाळी आकाशात चंद्र शोधायला गेलात तर सहसा सापडत नाही. दुसऱ्या दिवशी, बीजेला, पश्चिमेकडे बारीकशी कोर दिसते, तीही थोडाच वेळ. म्हणजे महिन्याचा पहिला दिवस कुणालाच दिसत नाही. चंद्र वाढायला लागलेला असतो, पण त्याचा गाजावाजा नसतो. तुमचाही या महिन्याचा पहिला दिवस असाच जाऊ दे. कुणाला सांगायची घाई नको, फोटो नको. कुणाचं तरी देणं वेळेवर पोचलं, एक जागा स्वच्छ झाली, दोन श्लोक वाचून झाले, एवढं पुरे आहे. पौर्णिमा आपोआप येते.

आजची प्रार्थना : हे पांडुरंगा, माझ्यामुळे कुणाची तारीख चुकू देऊ नकोस. माझ्या खाण्याला, झोपेला, कामाला आणि हट्टाला बेत दे. आणि मन सुटून पळालं, की त्याच दिवशी ते तुझ्या पायाशी परत आणायची बुद्धी दे.

आजचा छोटा नेम : हे वाचून झाल्यावर दुसरं काही उघडण्याआधी, ज्यांचे पैसे द्यायचे राहिलेत अशा एका माणसाचं नाव आठवा. आणि आत्ताच देऊन टाका.

उद्यापासून सहाव्या अध्यायातलाच पुढचा भाग, रोज दोन श्लोक. भेटूया.

राम कृष्ण हरी!